यशवंतभाऊंची पायपेटी

रोहिणखेडच्या कार्यक्रमाला तीन दिवस उरले होते आणि आमचा बास गिटारवाला नोकरी लागली म्हणून पुण्याला निघून गेला. आमचा ऑर्केस्ट्रा काही फार मोठा नव्हता. लग्नं, हळदी, विहारांचे वर्धापनदिन आणि जयंतीच्या महिन्यात गावोगावचे गाण्यांचे कार्यक्रम. चालवायचे प्रल्हाददादा. मोताळ्याला त्यांचं मंडपाचं आणि साउंडचं दुकान. मी देऊळघाटच्या शाळेत शिक्षक. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे ऑक्टोपॅड वाजवायचो, म्हणजे काठ्यांनी बडवायचा तो विजेवरचा ढोल. दादांचा फोन आला की नांदुऱ्याहून एक माणूस येतोय, कीबोर्डही वाजवतो आणि बासही. मी विचारलं, दोन्ही? दादा म्हणाले, एकाच वेळी. असं तो म्हणते बावा, आपण काही पाहिलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तो माणूस एसटीतून उतरला तेव्हा त्याच्याआधी एक पोत्यात गुंडाळलेलं धूड उतरलं. कंडक्टर अजून आतून सांगत होता की पंपाचे सुटे भाग गाडीत आणायचे नसतात. उंच, वाळका, पन्नाशीचा माणूस. खिशात टेस्टर. त्याने आम्हाला नमस्कार केला तो चालता चालताच. स्टेजवर चढून त्याने तीन फेऱ्या मारल्या, फळ्यांवर टाच आपटून पाहिली, एक फळी बदलायला लावली. मग मंडपाच्या मागे जमिनीत लोखंडी सळई ठोकली, तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि तिथून अर्थिंगची वायर आणली. दादा माझ्याकडे पाहत होते. कार्यक्रम गाण्याचा आहे की बोअरवेलचा, असा त्यांचा चेहरा होता.

मग पोतं सोडलं. आत लाकडाच्या तेरा पाट्या होत्या. पेटीच्या पट्ट्या असतात तशाच, आठ लांब आणि पाच आखूड काळ्या, पण एकेक हाताच्या पंजाएवढी रुंद. मागे लोखंडी डबा, त्यावर बोटाने नाही तर पायाच्या अंगठ्याने सरकवता येतील असे जाड दांडे. कंपनीच्या नावाची पट्टी उखडलेली, तिच्या जागी स्क्रूची दोन भोकं. माणसाने चपला काढल्या, खिशातून स्वच्छ पांढरे मोजे काढून घातले, खुर्चीवर बसला आणि डाव्या पायाने एक पाटी दाबली.

स्टेजच्या कडेला ठेवलेल्या माझ्या काठ्या गडगडत खाली गेल्या. मंडपात झोपलेला एक कुत्रा उठला आणि शांतपणे बाहेर निघून गेला.

"हं," यशवंतभाऊ तायडे म्हणाले, "आता बोला, काय वाजवाचं?"

त्या दिवसापासून सहा वर्षं स्टेजवर माझी जागा त्यांच्या डाव्या हाताला होती. त्यामुळे लोकांनी त्यांचे हात पाहिले आणि मी त्यांचे पाय.

पायपेटी म्हणजे खरं तर पायाने भाता मारायची जुन्या नाटकांतली पेटी. पण या यंत्राला दुसरं कुठलं नाव आम्हाला सुचलं नाही, म्हणून तेच पडलं. ती कुठून आली याच्या तीन गोष्टी त्यांनी मला सांगितल्या. एकदा म्हणाले, मुंबईच्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याने मरताना दिली. एकदा म्हणाले, सुरतेला ते कापडाच्या गिरणीत कामाला असताना एका स्टुडिओतून उचलली. तिसऱ्यांदा म्हणाले, अकोल्याच्या भंगारवाल्याकडे मोटारींच्या तांब्यासाठी गेले होते, तिथे ती वजनकाट्यावर पडली होती. मी भंगाराची गोष्ट खरी धरतो, कारण ती सांगताना ते एका जागी उभे होते.

ही गोष्ट क्वचित घडायची. नांदुऱ्यात स्टेशनरोडला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. हात सोन्याचा. जळालेली पंपाची मोटर दुपारी उघडली की संध्याकाळी फिरायला लावायचे. पण गिऱ्हाइकाला ते सापडायला हवेत. दुकानाच्या दारावर खडूने कायमचं लिहिलेलं असे, 'आलोच'. गिऱ्हाइकं पायरीवर बसून राहत आणि भाऊ कधी मलकापुरात, कधी शेगावला, कधी नुसतेच स्टेशनवर गाड्या पाहत फिरत असत. त्याआधी त्यांनी जिनिंगमध्ये काम केलं होतं, रेडिओ दुरुस्ती केली होती, एका सर्कशीबरोबर जनरेटर सांभाळत वर्षभर हिंडले होते. जेवताना उठून दोनदा दारापर्यंत जाऊन येत. बाहेर काय आहे म्हणून विचारलं तर म्हणत, काही नाई, पाहून आलो.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. वहिनींचं म्हणणं, लग्नानंतर बत्तीस वर्षांत या माणसाने एकदाही पूर्ण कप चहा एका जागी बसून प्यायला नाही. भाऊंना साखरेचा आजार होता. वहिनींसमोर बिनसाखरेचा चहा आणि एसटी स्टँडवर गेले की चांगला गोड.

स्टेजवर मात्र ही सगळी अस्वस्थता कामाला लागायची. उजवा हात कीबोर्डवर गाण्याची चाल वाजवी, डावा हात सूर भरी, उजवा पाय आवाज कमी-जास्त करायच्या पेडलवर, आणि डावा पाय त्या तेरा पाट्यांवर. खाली ते कधी पाहत नसत. पांढरा मोजा पाट्यांवरून असा सरकायचा जसं मांजर भिंतीच्या कडेवरून जातं. पायपेटीतून एका वेळी एकच सूर निघे. चुकून दोन पाट्या दाबल्या गेल्या तर खालचा वाजे, वरचा गप्प बसे. भाऊंना हे फार आवडायचं. "मोठा बोलला का लहान्यानं गप बसाचं," ते म्हणत. "पेटीले हाय ते वळण घरात कोणाले नाई."

यंत्र परदेशी. तिथली वीज आपल्या निम्म्या दाबाची, म्हणून त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लागे. तो भाऊंनी स्वतः गुंडाळलेला. पायपेटी जुनी असल्यामुळे उन्हाने बिघडायची. बिघडायची म्हणजे बंद पडत नसे. सूर उतरत जाई. आमच्याकडचा मे महिना तर ठाऊकच आहे. मलकापूरजवळ एका दुपारच्या लग्नात पत्र्याखाली आम्ही बसलो होतो आणि दर गाण्याला पायपेटी केसभर खाली सरकत होती. भाऊ डाव्या हाताने सूर भरायचं सोडून डब्यावरचा खटका फिरवत राहिले, पण उन्हाशी किती वेळ झगडणार? दोन गाण्यांच्या मधे ते उठले, तडक नवरा-नवरीच्या खुर्च्यांपाशी गेले आणि तिथला एकुलता एक मोठा कूलर आमच्या बाजूला वळवायला लागले. नवरदेवाचे मामा धावत आले. भाऊंनी त्यांना समजावलं की माणूस घामाने बेसूर होत नाही, पेटी होते. मामा ऐकेनात. शेवटी नवरदेवच म्हणाला, फिरवा हो, त्यांचं यंत्र चांगलं वाजतंय. तो पोरगा बाशिंगाखाली घामाने निथळत बसला आणि वरातीपर्यंत आमचा सूर हलला नाही.

वर्षभराने त्याला मुलगा झाल्याचं भाऊंच्या कानावर आलं. बोलावणं नसताना ते त्या घरी गेले आणि त्यांच्या कूलरची मोटर नवी गुंडाळून देऊन आले. बारशाचं जेवण मात्र उभ्यानेच केलं म्हणे.

आमची गायिका रत्नाताई. बुलढाण्याला दवाखान्यात परिचारिका. गाणं तिला तिच्या वडिलांनी शिकवलं. ते स्वतः एकतारीवर गात. ते गेले आणि अकराव्या दिवशी देऊळघाटच्या विहारासमोर आमचा दुपारचा कार्यक्रम होता. दादा म्हणाले, नको येऊस. ती आली. बापावरचं एक गाणं ती नेहमी गायची, ते यादीतून काढू का म्हणून मी विचारलं तर म्हणाली, असू द्या.

पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर तिचा आवाज थांबला. थांबला म्हणजे चिरकला नाही, रडणं नाही, नुसता बंद झाला. माईक हातात, तोंड उघडं. मी काठ्या उचलल्या त्या हवेतच राहिल्या. गाणं अर्ध्यात तुटलं की वाजवणाऱ्याला राहवत नाही. काहीतरी वाजवून ते भरून काढावंसं वाटतं. मी हात खाली आणणार तेवढ्यात भाऊंनी माझ्याकडे पाहून भुवई हलवली. नको.

त्यांनी स्वतः दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. फक्त डावा पाय होता तिथेच राहिला. खालचा सा वाजत होता. जमिनीतून यावा तसा, एकसारखा. मांडवातले लोक गप्प झाले. त्यांना वाटलं गाणं असंच आहे. शाळेत श्रद्धांजलीला मुलांना दोन मिनिटं मौन पाळायला लावतो तेव्हा ती दोन मिनिटं किती लांब असतात ते मला माहीत आहे. हे तेवढं होतं. रत्नाताईने पाठ फिरवली, पदर सारखा केला, पुन्हा वळली. भाऊ तिच्याकडे पाहतही नव्हते. जो माणूस एका जागी चहा पिऊ शकत नाही त्याचा पाय एका पाटीवर होता आणि तो हलला नाही. मग एकदाच तो वरच्या प वर गेला आणि परत सा वर आला, जसं कुणी दारावर हळूच थाप मारून बाजूला उभं राहतं. रत्नाताईने श्वास घेतला आणि ओळ जिथे सुटली होती तिथून उचलली.

कार्यक्रम झाल्यावर चहा आला. पहिला कप तिने स्वतः भाऊंना नेऊन दिला. मी नंतर त्यांना विचारलं, ती परत गाईल हे कसं कळलं?

"कुठी कळलं?" ते म्हणाले. "पाय उचलला असता तं ती बसून गेली असती. म्हणून नाई उचलला."

पुढच्याच वर्षी दादांनी नवा कीबोर्ड आणला. त्यात बास तयार होता, ठेका तयार होता आणि मागे पेन ड्राइव्ह लावायची जागा होती. दादा वाईट माणूस नव्हते. लोकांना मोबाइलवर ऐकतात तसंच्या तसं गाणं हवं असे, आणि ते पेन ड्राइव्हमधून तसंच्या तसं येई. एका लग्नात लावून पाहिलं. रत्नाताईने रंगात येऊन एक ओळ जास्त घेतली. पेन ड्राइव्ह थांबला नाही. तो आपलं गाणं वेळेत संपवून मोकळा झाला आणि ती एकटीच गात राहिली. पोरं हसली. दादांनी पेन ड्राइव्ह खिशात घातला, पण फेकला नाही. अडीअडचणीला असू दे म्हणाले.

तो खिशातला पेन ड्राइव्ह भाऊंना दिसत राहिला. मधल्या सुट्टीत मला त्यांचे फोन यायला लागले. मागे कधी रेल्वेची घोषणा, कधी मोटारसायकल, कधी बाजार. "मास्तर, दादा काय म्हणते?" मी सांगायचो, काही म्हणत नाहीत. "काही तं म्हणत असंन." मग इकडचं तिकडचं बोलून पुन्हा तेच. एकदा त्यांनी चाळीस मिनिटं बोलून मला सांगितलं की आपल्याकडे वेळ नाही, फार घाईत आहोत.

त्या हिवाळ्यात पायपेटी चुकायला लागली. सा च्या जागी शेजारचा सूर. सुरुवातीला मला वाटलं माझाच कान. मग रत्नाताईनेही मागे वळून पाहिलं. भाऊंनी पेटी उघडली, आतल्या तांब्याच्या पट्ट्या घासल्या. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच. पुन्हा उघडली, वायरी बदलल्या. उंदराने कुरतडलं असेल म्हणाले, थंडीने लाकूड आकसलं म्हणाले. महिन्यात चार वेळा उघडली. दुकानात पंपाच्या मोटारी तशाच पडल्या आणि ते पेटीचे स्क्रू काढत आणि लावत राहिले. दादा काही बोलले नाहीत. ते न बोलणंच भाऊंना लागत होतं.

मोताळ्याचा कार्यक्रम चार वाजता संपला. लोक पांगत होते, मी वायरी गुंडाळत होतो. पाहिलं तर भाऊंचा डावा मोजा अंगठ्यामागे लाल झालेला, आणि पाट्यांवर सा पासून प पर्यंत लाल ठिपके. मी त्यांना दाखवलं. ते खाली वाकले. मंडपाच्या गालिच्याला ठोकतात तो बारीक खिळा तळव्यात टोपीपर्यंत रुतला होता.

भाऊंनी अवजारांच्या पिशवीतून पक्कड काढली आणि सायकलच्या टायरमधून काढावा तसा तो खिळा ओढून काढला. चेहऱ्यावर काही नाही. खिळा उजेडात धरून त्यांनी विचारलं, किती वेळचा असंन? मला काय माहीत? पहिल्या गाण्यापासून असू शकत होता. त्यांनी नखाने तळव्याला टोचून पाहिलं, मग जरा वर, मग घोट्यापाशी. तिथे कुठे त्यांना पहिल्यांदा कळलं.

मग त्यांनी पाट्यांवरचे लाल ठिपके अंगठ्याने एकेक करून पुसले.

"म्हणजे पेटी चांगलीच होती," ते म्हणाले.

मी म्हणालो, भाऊ, आत्ताच दवाखान्यात चला. ते म्हणाले, उद्या जातो. मग इकडेतिकडे पाहून माझा हात धरला. त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

"दादाले सांगू नोको मास्तर. तो पेन ड्राइव्ह लावते."

"आणि वहिनींना?"

"तिले बी नाई. मी दाखवतो ना उद्या."

मी हो म्हणालो. मी शिकलेला माणूस, मुलांना शरीरशास्त्र शिकवणारा. तरी हो म्हणालो.

त्यानंतरच्या वीस दिवसांत तीन कार्यक्रम झाले. दाखवलं का म्हणून मी विचारलं की ते म्हणत, मलम लावून राह्यलो. मोज्याच्या आत फडक्याची गाठ दिसे. सूर मात्र चुकत नव्हते, कारण आता ते खाली पाहून वाजवत होते. सहा वर्षांत कधी न पाहिलेल्या पाट्यांकडे मान घालून, एकेक पाटी डोळ्याने शोधून. लोकांकडे त्यांचं लक्ष नव्हतं, रत्नाताईकडे नव्हतं. तिने एकदा ओळ लांबवली आणि पहिल्यांदाच पायपेटी तिच्या आधी पुढे गेली.

तिसऱ्या कार्यक्रमात ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, स्टेजखाली काही मेलंय का? उंदीर वगैरे? वास येतोय.

मी म्हणालो, असेल.

ती परिचारिका होती. मी खरं सांगितलं असतं तर तिने त्याच खुर्चीवर त्यांचा मोजा काढला असता. हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या कार्यक्रमानंतर चौथ्या दिवशी भाऊ दुकानात तापाने पडले. वहिनींनी त्यांना बुलढाण्याला आणलं. रत्नाताईनेच पळापळ करून दाखल केलं. डाव्या पायाचा पुढचा अर्धा भाग काढावा लागला. पाचही बोटं गेली, टाच आणि घोटा राहिला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी दादांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. बाकावर बसले, चष्मा काढला.

"लावला असता मास्तर, पेन ड्राइव्ह लावलाच असता," ते म्हणाले. "आन् त्यायले हातानं वाजवत बसवलं असतं. मी काय त्यायले घालवून देणार होतो?"

 रत्नाताईच्याही कानावर ते गेलं आणि ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही. तिच्याकडे मी उंदराबद्दल माफीही मागितली नाही. तो शब्द तोंडातून निघेना.

तीन आठवड्यांनी मी नांदुऱ्याला त्यांच्या घरी गेलो. भर दुपार. गल्लीतच पायपेटीचा आवाज ऐकू आला आणि माझे पाय थांबले. डॉक्टरांनी सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही असं बजावलं होतं. आत पाहतो तर भाऊ खाटेवर पालथे पडलेले, पट्टी बांधलेला पाय उशीवर, आणि खाटेच्या डोक्याशी स्टुलावर पायपेटी. दोन्ही मुठींनी ते पाट्या दाबत होते. पीठ मळावं तसं.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "दिवसभर हेच हाय. ती तिसरी काळी दाबली का माहा तांब्या फळीवरून सरकते."

भाऊंनी तिसरी काळी दाबून दाखवली. तांब्या खरंच सरकला. वहिनींनी न पाहता हात वर करून तो मागे ढकलला. सवय झाली असावी.

वहिनी सांगत होत्या, मी बाजारात गेले की हे शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून निघतात, दोनदा स्टेशनला जाऊन आलेत. भाऊ पालथे पडल्या पडल्या म्हणाले, पाय कुठी जमिनीले लावला? हवेत होता.

वहिनी आत गेल्यावर मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. नीट जमलं नाही. मी गप्प राहिलो, चुकलो, असं काहीतरी. ते मुठी पाट्यांवर ठेवून ऐकत होते. दिलासा देणारं काही म्हणतील असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायलाच मी आलो होतो.

"तू सांगितलं असतं तं मी तुह्याशी जल्मभर बोललो नसतो," ते म्हणाले. "आन् पाय वाचला असता. दोन्ही खरं हाय."

मग म्हणाले, ही वायर धर जरा, झाळून टाकतो. मी वायर धरली. पालथं पडूनच त्यांनी झाळकाम केलं. संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी तिथे होतो आणि त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पावसाळ्यानंतर ते एका कार्यक्रमाला आले. पुढे कापूस भरलेला बूट, हातात काठी. पायपेटी आता उजव्या पायाखाली आणि आवाजाचं पेडल डाव्या टाचेखाली. सगळं उलटं. दोन महिने घरी सराव करून आले होते. चुकत नव्हते, पण पाय पोचायला पापणी लवेल एवढा उशीर होत होता. मी माझा ठेका जरा मागे ओढला. रत्नाताईने ओळी सावकाश घेतल्या. दादांनी स्वतः त्यांच्यासाठी खुर्ची, पाणी, फळी सगळं मांडलं. 

कार्यक्रम संपल्यावर भाऊ मला म्हणाले, तुम्ही लोक मले आता शिव्या देत नाई. मी हसलो. ते हसले नाहीत. ठेका मागे ओढला होता हे त्यांना कळलं होतं. पुढच्या वेळी आले नाहीत. फोनवर म्हणाले, बऱ्हाणपूरची एक कव्वाली पार्टी मागे लागलीय. पुढच्या महिन्यात म्हणाले, अकोल्याला एक शाळा पोरांचा बँड काढतेय, तिथे शिकवायला बोलावलंय. त्यापुढे आणखी कुठलंसं गाव. यातलं किती खरं ते मी विचारलं नाही. दादांनी पेन ड्राइव्ह लावला. रत्नाताई आता जास्तीची ओळ घेत नाही.

मागच्या दिवाळीआधी मी सासऱ्यांना घ्यायला नांदुरा स्टेशनवर गेलो होतो. सकाळची दहाची वेळ, गाडी उशिरा. समोरच्या फलाटावर भाऊ दिसले. काठी नव्हती. एका खांद्याला कीबोर्डची पिशवी, पायाशी पोतं. मी हाक मारली. त्यांनी ऐकलं, हात वर केला आणि काही बोलणार एवढ्यात मधल्या रुळावरून मालगाडी आली.

लांबलचक मालगाडी, कोळशाची. दोन डब्यांच्या फटीतून मला समोरचं दिसत होतं. एका फटीत ते चहाच्या टपरीपाशी होते. पुढच्या फटीत पाण्याच्या नळापाशी. मग पोत्यापाशी. मग दिसलेच नाहीत. मग एकदम फलाटाच्या कडेला वाकून गाडी येतेय का ते पाहताना. लंगडत होते, पण वेगात. मालगाडी संपली तेव्हा ते बरोबर माझ्या समोर उभे होते.

मी ओरडून विचारलं, कुठे निघालात?

त्यांनी हात पूर्वेकडे केला, अकोल्याच्या दिशेला, आणि काहीतरी म्हणाले. मला शब्द कळले नाहीत. मी कानाला हात लावून पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तोच हात केला.

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. ती भुसावळकडे, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला जाणारी होती. दोन डब्यांच्या मधल्या जागेतून मला पलीकडचा फलाट वीतभर दिसत होता, आणि त्या वीतभरात नेमका त्यांचा दरवाजा आला. कुणीतरी आतून हात पुढे केला होता. तो त्यांनी घेतला नाही. पोतं आधी आत ढकललं, कीबोर्ड सावरला, दांड्याला धरलं, आणि पायरीवर पहिला पाय टाकला तो डावाच.